मालवणच्या पाण्यातली सफारी

नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा. संध्याकाळी काठावर बसून भुट्टा खायचा, वारा खायचा आणि ‘अगदी मरीन ड्राइव्ह वाटतंय ना?’ असं एकमेकांना पटवायचं. खरा समुद्र सातशे-आठशे किलोमीटर लांब. त्यामुळे ऑफिसातलं कुणी मालदीव नाहीतर अंदमान करून आलं, की त्यांचे मास्कवाले फोटो बघून आपण मुकाट लाइक ठोकतो आणि ईएमआयची तारीख आठवतो. पण बॉस, तसा मास्क लावायला पासपोर्ट सोडाच, राज्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागत नाही. मालवण आहे ना!

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं, सिव्हिल लाइन्सपासून बर्डीपर्यंत बॅरिकेड्स उभे राहिले, की नागपूरकराला कुठेतरी पळावंसं वाटतंच. आम्ही तिघी पळालो. मी, एक मिहानमधली आयटीवाली आणि एक बँकेतली. तिघींपैकी पोहता येतं ते फक्त बँकेतलीला, तेही क्लबच्या टँकपुरतं. दुपारी मडगावच्या गाडीत बसलो, भुसावळ, नाशिक, पनवेल करत दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरलो. तिथून मालवण साधारण तासाभराचा रस्ता. चोवीस तासांच्या प्रवासात डब्यातल्या निम्म्या लोकांनी आमची संत्रा बर्फी खाल्ली.

मालवणच्या जेटीवर उभं राहिलात की समोरच सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि साधारण तीन वर्षांत तो उभा राहिला. पायात शिसं ओतलेलं, तट जवळपास तीन किलोमीटरचा, क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा सापडत नाही, तटाच्या वळणात तो असा काही लपवलाय. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे. आणि सगळीकडे खारं पाणी असताना मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात हाही आहे. होडीवाले तासाभरात परत बोलावतात. तेवढ्यात सगळा किल्ला होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण आम्ही आलो होतो त्या तटाच्या बाहेरच्या पाण्यासाठी. स्नॉर्केलिंग म्हणजे लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात एक नळी. काचेवर वाफ धरू नये म्हणून गाईडदादाने आधी मास्कच्या आत थुंकायला लावलं. आयटीवालीचा चेहरा बघण्यासारखा होता. नळी जेमतेम फूटभराची. ‘मोठी असती तर खोलवर गेलो असतो ना?’ असं मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. थोडं खाली गेलं तरी पाणी छातीवर इतकं दाबतं, की वरची हवा फुप्फुसं ओढू शकत नाहीत, शिवाय सोडलेला श्वास लांब नळीत अडकून परत आपल्याच पोटात येतो. म्हणून फूटभर नळी आणि पृष्ठभागावर पालथं तरंगणं, एवढंच.

पहिली दोन मिनिटं वाईट असतात. तोंडाने श्वास घ्यायचा हे मेंदूला पटतच नाही. आयटीवालीने दोनदा होडीची कड पकडली. ‘मला काऊन आणलं बे इथं’ हे तिचं वाक्य मालवणच्या समुद्रात बहुधा पहिल्यांदाच घुमलं असेल. गाईडदादा शांत. ‘भिया नकात, मी आसंय. फक्त पाय खाली टेकू नकात.’

आणि मग खाली बघितलं.

काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे नाकासमोरून गेले. खडकांवर मेंदूसारख्या वळ्यांचे गोटे, कोबीची पानं पसरावीत तशी प्रवाळं, मधेच काळ्या काट्यांचा सागरी साळू. तपकिरी सारगॅसम शेवाळ लाटेबरोबर असं डुलत होतं, की आपणही डुलतोय हे विसरायला होतं. पाणी मालदीवच्या ब्रोशरइतकं निळं नव्हतं, थोडं हिरवट होतं. पण ऐकू येतो तो फक्त स्वतःचा श्वास. मोबाइल होडीत. ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठशे किलोमीटर दूर. वीस मिनिटांनी वर आलेली आयटीवाली म्हणाली, ‘अजून एकदा.’

तेव्हाच शेजारच्या होडीतून एक ग्रुप उतरला. दोघं जण सरळ खडकावर उभे राहिले, बूट घालून, कंबरभर पाण्यात, फोटोसाठी. तिसरा पावाचे तुकडे टाकत होता, म्हणजे व्हिडिओत मासे येतात.

इथे आम्हा नागपूरकरांच्या डोक्यात घंटा वाजते. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये जिप्सीतून पाय खाली ठेवून बघा! गाईड ओरडेल, ड्रायव्हर ओरडेल, मागच्या जिप्सीतले काका तर जास्तच ओरडतील. कारण वाघ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहे. आता ऐका, कठीण कवचाची प्रवाळंही २००१ पासून त्याच शेड्यूल वनमध्ये आहेत. वाघाच्या पंक्तीला! ज्याला आपण दगड समजून उभे राहतो, तो हजारो बारीक जीवांचा वाडा असतो. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, त्याला ब्लीचिंग म्हणतात. मालवणातही गेल्या दशकात ते नोंदवलं गेलंय. वर आपले बूट.

गाईडदादा त्या ग्रुपला काहीच बोलला नाही. नंतर चहा पिताना मी विचारलंच. तो मासेमाराच्या घरातला. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही म्हणून सीझनभर हेच काम करतो. म्हणाला, ‘मी ओरडलंय तर गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या होडीत. तो काय बोलणार नाय.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. इथला समुद्र १९८७ सालीच अभयारण्य जाहीर झालाय, एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास. पण मासेमारांचा त्याला विरोध राहिला, कारण त्यांचं पोट त्याच पाण्यावर. ताडोब्याभोवतीच्या गावांची भांडणं वाचलेल्या माणसाला हे नवीन नाही. फरक एवढाच, की इथे जिप्सीत कोण बसणार आणि पाय कुठे ठेवणार हे गिऱ्हाईकच ठरवतं.

म्हणजे ती ताकद आपल्या हातात आहे. बुकिंग करतानाच विचारा, ‘पाव टाकता का? खडकावर उभं करता का?’ ‘हो, मस्त फोटो काढून देतो’ असं उत्तर आलं, तर दुसरी होडी बघा. गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती अशीही उपयोगी पडू शकते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, पावसाळ्यात होड्या बंद. सकाळी लवकर उतरा, गर्दीआधी. पाठ उन्हाकडे असते, म्हणून क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. पोटात फार भरून पाण्यात उतरू नका, सुरमई आणि सोलकढी नंतर. सावजीच्या जिभेला मालवणी रस्सा सुरुवातीला गोडसर वाटेल, दुसऱ्या दिवशी वाटणार नाही. आणि परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, कारण आयटीवाली शेवटच्या संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत बसून वर्क फ्रॉम होमचा मेल टाइप करत होती.