नदीपल्याडचा दिवा

सिनसिनाटीतल्या रोब्लिंग झुलत्या पुलावरून चालत निघालं की थोड्याच वेळात ओहायो राज्य संपतं आणि केंटकी लागतं. हा पूल १ जानेवारी १८६७ रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, डिसेंबर १८६५मध्ये, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने केंटकीतली गुलामगिरी संपवली होती. तोवर पुलाखालच्या ओहायो नदीच्या उत्तर काठावर माणूस विकणं गुन्हा होता आणि दक्षिण काठावर तो रोजचा व्यापार होता.

पुलाच्या उत्तर टोकाजवळ नॅशनल अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर हे संग्रहालय आहे. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणजे पळून आलेल्या गुलामांना गुपचूप पुढे पोचवणाऱ्या घरांची आणि माणसांची साखळी. संग्रहालयात पहिल्यांदा नजरेत भरते ती लाकडी ओंडक्यांची एक दुमजली खोप. केंटकीतल्या मेसन परगण्यातून ती उचलून आणून इथे पुन्हा उभी केली आहे. जॉन अँडरसन नावाचा व्यापारी विकत घेतलेली माणसं तिच्यात कोंडून ठेवायचा आणि पुरेशी जमली की दूर दक्षिणेत नॅचेझच्या बाजारात न्यायचा. आत जाता येतं. वर पाहिलं की तुळईत ठोकलेली लोखंडी कडी दिसते. साखळ्या तिथे अडकवत. त्या कडीखाली उभं राहिल्यावर माझ्याच्याने कुणाशी बोलवेना.

इथून रिप्ले या गावी जायचं होतं. नदीचा हात धरून पूर्वेकडे जाणारा तो रस्ता सुमारे ८० किलोमीटरचा. उजवीकडे सतत पाणी आणि पाण्यापलीकडे केंटकीच्या हिरव्या टेकड्या. वाटेत पॉइंट प्लेझंट हे लहानसं गाव लागतं. गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांना विजय मिळवून देणाऱ्या युलिसिस ग्रँटचा जन्म १८२२ साली इथल्या एका छोट्या लाकडी घरात झाला.

पलीकडचा काठ पाहताना हेन्री क्ले आठवत राहतो. तो केंटकीचा, ‘तडजोडींचा महामेरू’ म्हणून त्याची ख्याती. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी यावरून १८५०मध्ये देश फुटायला आला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या क्लेने सेनेटमध्ये तोडगा मांडला. त्याचं एकत्रित विधेयक पडलं. मग सेनेटर स्टीफन डग्लसने त्याचे तुकडे केले, प्रत्येकाला वेगळं बहुमत जमवलं आणि अध्यक्ष फिलमोर यांनी सप्टेंबरमध्ये सह्या केल्या. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य झालं. न्यू मेक्सिको आणि यूटामधला निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला. टेक्सासने सीमेवरचा हक्क सोडला आणि त्याच्या कर्जापोटी त्याला १ कोटी डॉलर मिळाले. राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा बाजार बंद झाला, गुलामगिरी मात्र तिथे राहिली. आणि दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांचा नवा कायदा.

पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, हे कलम मूळ राज्यघटनेतच होतं. १७९३चा कायदाही होता, पण उत्तरेतली अनेक राज्यं तो पाळायला नाखूश होती. नव्या कायद्याने पळवाटा बुजवल्या. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचा हक्क नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. कारण सांगितलं गेलं की हवाली करण्यात कागदपत्रं जास्त असतात. पळालेल्याला आसरा दिला तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पाठलागात हाक मारली तर रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाने मदतीला धावलंच पाहिजे. म्हणजे उत्तरेतल्या माणसाला ‘माझा याच्याशी संबंध नाही’ असं म्हणण्याचीही सोय उरली नाही.

रिप्ले हे नदीला लागून वसलेलं शांत गाव आहे. मागे उंच टेकडी आणि टेकडीवर लाल विटांचं एक छोटं घर. पायऱ्या चढून वर गेलं की धाप लागते. मागे वळलं की केंटकीचा काठ मैलोगणती उघडा पडतो. हे रेव्हरंड जॉन रँकिन यांचं घर. भावाने व्हर्जिनियात गुलाम विकत घेतले म्हणून व्यथित होऊन त्यांनी त्याला पत्रं लिहिली. १८२६मध्ये त्या पत्रांचं पुस्तक झालं. या टेकडीवरच्या घरात ते, पत्नी जीन आणि तेरा मुलं राहत. रात्री इथल्या खिडकीतला दिवा पलीकडून दिसायचा. १८३८च्या हिवाळ्यात एक आई तान्हं मूल घेऊन फुटत्या बर्फावरून नदी ओलांडून या घरी आली. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीतली एलायझा तिच्यावरून रेखाटली, असं मानलं जातं.

टेकडी उतरून नदीकाठच्या फ्रंट स्ट्रीटवर आलं की जॉन पार्कर यांचं घर. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस आठव्या वर्षी विकला गेला. १८४५मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी मेहनतीच्या पैशांतून १,८०० डॉलर देऊन स्वतःला विकत घेतलं. पुढे रिप्लेत त्यांनी लोखंडाची ओतशाळा काढली आणि यंत्रांची पेटंटं मिळवली. दिवसा भट्टी, रात्री होडी. पलीकडे जाऊन ते माणसं आणत. सोडवलेल्यांची नोंद त्यांनी एका वहीत ठेवली होती. १८५०च्या कायद्यानंतर तीच वही त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या विरुद्ध पुरावा ठरली असती. त्यांनी ती आपल्याच ओतशाळेच्या भट्टीत टाकली. किती नावं तिच्यात जळाली! त्या माणसांच्या धैर्याचा तोच एक लेखी दाखला होता.

त्या कायद्यानंतर ओहायोत पोचून भागत नव्हतं. कॅनडाच गाठावा लागे. जानेवारी १८५६मध्ये केंटकीतून पळालेली मार्गरेट गार्नर गोठलेली नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीत एका नातेवाइकाच्या घरी आली. मालकाने मार्शलांसह घर वेढलं. मुलांनी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारलं. ओहायोला तिच्यावर खुनाचा खटला भरायचा होता, म्हणजे त्या कायद्याच्या लेखी ती जबाबदार माणूस होती. संघराज्याच्या कायद्याच्या लेखी ती मालमत्ता होती. दुसरा कायदा वरचढ ठरला, तिला परत पाठवलं आणि पुढे दक्षिणेत विकलं. दोनच वर्षांत ती विषमज्वराने गेली.

१८५०च्या तडजोडीचं कौतुक करणारे आजही सांगतात की तिने युद्ध दहा वर्षं लांबवलं. त्या दहा वर्षांची किंमत कुणी मोजली, हे या काठावर कळतं. क्ले आणि डग्लस यांच्या सौद्यात उत्तरेला काही मिळालं, दक्षिणेला काही मिळालं. ज्यांच्या अंगावर तो सौदा झाला, त्यांचं एकही माणूस त्या सभागृहात नव्हतं. आणि शांतताही विकत मिळाली नाही. पकडलेल्या माणसांना बेड्या घालून आपल्या गल्लीतून नेताना पाहिल्यावर उत्तरेतले उदासीन लोकही पेटून उठले.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला त्यांना अर्पण केला. शाळेत आपण हे वाचतो आणि पुढे जातो. फुल्यांना कुणाचे हात अभिप्रेत होते, ते रँकिन आणि पार्कर यांच्या उंबऱ्यावर उभं राहिल्यावर मला उमगलं.

पळालेल्या गुलामांचे कायदे २८ जून १८६४ रोजी रद्द झाले. तेव्हा युद्ध सुरू होऊन तीन वर्षं उलटली होती. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे: नायगारा जरूर बघा, पण एक दिवस रिप्लेसाठीही राखून ठेवा.