हलणारा षड्ज

मोझार्टचं के. ४६५ हे क्वार्टेट मी पहिल्यांदा ऐकलं ते पुण्याच्या होस्टेलवर, कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चेलो एकटाच 'सी' हा सूर हलकेच वाजवत राहतो. हा षड्ज, असं मी लगेच ठरवून टाकलं. आष्ट्याच्या पोराला दुसरं काय सुचणार?

कान घरी तयार झालेला, आत्याच्या तंबोऱ्यावर. तंबोरा अर्थात मिरजेचा; सांगली ओलांडली की मिरज आलीच. हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तिथं वाद्यांकडं वळले, पुढं अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि सतारमेकर गल्लीचं नाव गवयांच्या तोंडी बसलं. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याला त्याची गरज नव्हती. ती तार छेडायची आणि घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढंमागं करायची. एका जागी तार मुकी, जरा पलीकडं नुसती झणझण. मधेच कुठंतरी जवारी उघडायची आणि खर्जातून न लावलेला गंधार बोलायला लागायचा. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. रस्त्यानं उसाची ट्रॉली गाणी लावून गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

अशा कानाला मोझार्टनं काय केलं पाहा. चेलोच्या षड्जावर व्हायोला कोमल धैवत लावतो, दुसरं व्हायोलिन कोमल गंधार. इथवर ठीक. व्हायोला पंचमावर उतरतोय तोच पहिलं व्हायोलिन वरून शुद्ध धैवत लावतं! आणि पाचव्या बारपासून हाच प्रकार एक स्वर खाली, कोमल निषादावरून. म्हणजे षड्जच जागचा हलला. हायडनला अर्पण केलेल्या सहा क्वार्टेटांतलं हे शेवटचं, १४ जानेवारी १७८५ चं. महिन्याभरात, १२ फेब्रुवारीला, खुद्द हायडननं ते मोझार्टच्या घरी ऐकलं. इटलीत म्हणे छापील प्रती चुकांनी भरल्यात म्हणून परत पाठवल्या होत्या. आख्यायिका असेल, मला पटते. बावीस बारनंतर लख्ख अलेग्रो सुरू होतो. जाणकार त्याला अंधारानंतरचं उजाडणं म्हणतात. मला तो अंधारच जास्त आवडतो.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याला कॅसेट ऐकवली. सुरुवातीला ती म्हणाली, ''चौघं आहेत, पण एकाला तरी तंबोऱ्यावर बसवायचं की रे.'' अलेग्रोत ती फराळाचं बघायला आत गेली. दुसरा, संथ भाग सुरू झाल्यावर बाहेर आली आणि पदराला हात पुसत उभ्याउभ्याच ऐकत राहिली.

''आता मध्यमाला सा केलाय,'' ती म्हणाली. ''हे गातायत.''

तो भाग खरंच एफमध्ये आहे, सीच्या मध्यमावर. पुस्तकात मी ते फार नंतर वाचलं.

संगीताला भाषा नसते, सीमा नसतात, असलं काही मला यातून सुचत नाही. हल्ली फोनवर तंबोऱ्याचं ॲप आहे. क्वार्टेटच्या सुरुवातीखाली ते सीवर लावून पाहतो. चार बार कसेबसे निभतात, पाचव्याला भांडण जुंपतं. संथ भागाला मात्र षड्ज एफवर घेतो, पंचमाची तार सोडून मध्यमाची लावतो, आणि बराच वेळ दोघं एकमेकांना सांभाळून घेतात.