हिशेबतपासनिसाचें माप

भंडारा जिल्ह्यांत सिहोऱ्याच्या बाजूस धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून शेजाऱ्यांत तंटा लागला, म्हणजे मोजणी आणावी लागते. पूर्वीं मोजणीदार सांखळी ओढीत, आतां यंत्र लावितात. पण दोघांचीं शेतें एकाच मापानें मोजिलीं जातात, म्हणून निकाल पटला नाहीं तरी तो समजतो. कंपन्यांचा नफा मोजतांना असें एकच माप असतें काय, हा प्रश्न आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या व थोडकी पुंजी बाळगणाऱ्या माणसांस सोडीत नाहीं.

समजा, तुमसर तालुक्यांत धानाच्या दोन गिरण्या आहेत. दोघींनीं १० लाखांचें सारखेंच यंत्र घेतलें. घसारा धरण्यापूर्वीं दोघींच्या पदरीं ५ लाख उरले. एकीनें यंत्राचें आयुष्य १० वर्षांचें मानून १ लाख घसारा लिहिला. दुसरीनें घटत्या किंमतीवर शेकडा १५ प्रमाणें पहिल्या वर्षीं दीड लाख लिहिला. एकीचा नफा ४ लाख, दुसरीचा साडेतीन लाख! खोटें कोणीच बोललें नाहीं, रीतीही दोन्ही मान्य. तरी केवळ शेवटचा आंकडा पाहून पैसे गुंतविणारा गृहस्थ फसलाच.

लेखे लिहिणें हें कंपनीचें काम, तपासनिसाचें काम मत देण्याचें, हें खरें. परंतु जेथें नियम मोकळीक ठेवतो, तेथें तपासनिसाचा कल उमटल्यावांचून राहत नाहीं. बुडीत येणें किती धरावें, पडून राहिलेल्या मालाची किंमत किती उतरवावी, याविषयीं प्रत्येक मोठ्या पेढीचे स्वतःचे संकेत असतात व त्यांतच तिचे उमेदवार तयार होतात. फ्रान्सिस, पिनक व वातानाबे यांनीं २०१४ सालीं ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’ या नियतकालिकांत अमेरिकन कंपन्यांविषयीं हेंच दाखविलें. एकाच धंद्यांतील दोन कंपन्यांची तपासणी एकाच मोठ्या पेढीकडे असली, तर त्यांचे नफ्याचे आंकडे निरनिराळ्या पेढ्यांकडे असलेल्या कंपन्यांहून एकमेकांशीं अधिक जुळतात.

आम्हां शिक्षकांस यांत नवल वाटूं नये. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे दिली, तर एक अक्षरावर रुसतो, दुसरा मुद्द्यावर खूष होतो. दोघेही प्रामाणिकच, पण ज्याचा प्रवेश दोन गुणांनीं हुकला, त्या विद्यार्थ्यास त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग? म्हणूनच परीक्षकांवर नियामक नेमावा लागतो.

असा नियामक सिहोऱ्याच्याच तालुक्यांत पाहावयास मिळतो. डोंगरी बुजुर्ग येथें उघडी व चिखला येथें भूमिगत, अशा मँगेनीजच्या खाणी मॉइल ही सरकारी कंपनी चालविते. सरकारी कंपनीचा तपासनीस भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात आणि त्याच्या कामावर पुरवणी तपासणीही करूं शकतात. पेढी बदलली तरी वरची नजर कायम राहते. खाजगी कंपनीवर अशी नजर नसते. २०१३ च्या कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीस एकच पेढी पांच-पांच वर्षांच्या दोन मुदतींहून अधिक काळ ठेवतां येत नाहीं. नवी नजर येते हें उत्तम. पण हात बदलला कीं त्याच कंपनीचीं दोन वर्षें ताडून पाहणेंही कठीण होऊं शकतें.

मात्र सारखेपणा म्हणजे सत्य नव्हे. एकाच वांकड्या गजानें मोजलेलीं दोन कापडें एकमेकांशीं जुळतील, म्हणून तीं पुरीं भरतील असें नाहीं. २००९ सालीं सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं ताळेबंदांतील रोकड फुगविल्याचें स्वतःच कबूल केलें. त्या ताळेबंदांवरही तपासनिसांच्या सह्या होत्याच.

आमच्या मध्यमवर्गाची पुंजी बहुधा पतसंस्थेंत असते. पाटीवरील ‘ऑडिट वर्ग अ’ हीं अक्षरें वाचून आपण मुलीच्या लग्नाची ठेव निश्चिंतपणें ठेवतों. परंतु संस्था आपला तपासनीस शासनमान्य नामिकेंतून निवडते. तेव्हां दोन संस्थांचे दोन ‘अ’ दोन निरनिराळ्या हातांनीं दिलेले असूं शकतात. म्हणून वार्षिक अहवाल हातीं आला कीं नफ्याच्या आंकड्याआधीं दोन गोष्टी पाहाव्या: लेखे कोणत्या रीतीनें लिहिले, आणि खालीं सही कोणाची आहे. मग तुलना खुशाल करावी.