नाताळचं देणं

ऑक्टोबरपासून कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि हे चाकणहून वेळेवर कासारवाडीला घरी येऊ लागले. भाचरं, दीर-जावा, शेजारी, सगळ्यांना नाताळला काहीतरी द्यायचं असतं. यंदा ते जमणार नव्हतं. शेवटी फोन करून सांगितलं, मोठ्यांनी एकमेकांना काही घ्यायचं नाही, भेटी फक्त मुलांना. धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "ताई, मीच विचारणार होते." मला हायसं वाटलं, वाईटही वाटलं. आधी काय वाटलं, ते अजून सांगता येत नाही.

लोकलनं पुढच्याच स्टेशनला, पिंपरीला उतरून मैदा, रवा, सुकं खोबरं आणलं. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच: करंज्या, चकल्या, शंकरपाळे. सासूबाईंचं पितळी कातणं अजून आहे. चाक थोडं डगमगतं, पण करंजीच्या कडेला बारीक दात नीट उमटतात. त्या होत्या तेव्हा नाताळचं देणं म्हणजे रुमालाखाली झाकलेलं फराळाचं ताट. दुकानातल्या वस्तू आमच्यात कधी शिरल्या, आठवत नाही.

तुमच्याकडेही ओढाताण असेल, तर डिसेंबर लागण्याआधीच भावंडांशी मोकळेपणानं बोलून घ्या. भेटींसाठी उसने पैसे मात्र घेऊ नका.