शाहू स्टेडियमवरील एक सायंकाळ

देवणीच्या माणसाला गर्दीचे अप्रूप नाही. ज्या गावाच्या नावाने गाईबैलांची एक जात साऱ्या देशात ओळखली जाते, त्या गावच्या जनावरांच्या बाजारात तो लहानपणापासून वावरलेला असतो. जत्रेतील कुस्त्यांचा फडही त्याच्या परिचयाचा असतो. मध्ये उकरलेली माती, भोवती माणसांचे कडे, हलगीचा कडकडाट. रेवड्यांच्या कुस्त्यांनी आरंभ आणि मानाच्या कुस्तीने शेवट. म्हणून देवणीकडचा एक शेतकरी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन कोल्हापूरला निघाला, तेव्हा तेथे आपल्याला काही नवे पाहावयास मिळेल, असे त्याच्या स्वप्नीही नव्हते.

मुलाला तालमीत ठेवावयाचे होते. शेजारच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार असेच घर सोडून कोल्हापूरच्या मातीत गेले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले, ही गोष्ट त्या भागात आजही चावडीवर सांगितली जाते. बापाने ती अनेकदा ऐकली होती. खुराकाच्या खर्चासाठी त्याने घरचा शेवरा खोंड विकला. देवणी जनावरांत पांढरेशुभ्र ते बालंक्या, अंगाने पांढरे पण तोंडाला काळे ते वान्नेरा, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके शिंपडल्यासारखे ते शेवरा. हा शेवरा मुलाने लहानाचा मोठा केला होता. सौदा झाला त्या दिवसापासून मुलगा बापाशी विचारल्याखेरीज एक शब्दही बोलला नव्हता. लातूर, सोलापूर, मिरज असा रात्रभराचा प्रवास झाला, पण खिडकीबाहेरचा अंधार पाहण्यापलीकडे त्याने काही केले नाही.

सकाळी अंबाबाईचे दर्शन झाले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे मैदानही दोघांनी पाहिले. १९१२ साली सुरू झालेला हा भव्य वर्तुळाकार आखाडा, मध्यभागी मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक, हे पाहून बापाने नकळत पायातील वहाणा काढल्या. मुलाने मात्र मान हलविली, इतकेच. दुपारी ते तालमीत पोहोचले, तो काय! माती उकरून ठेवलेली, मारुतीपुढे समई तेवत असलेली, आणि माणूस एकही नाही. एक वयोवृद्ध वस्ताद तेवढे दाराशी पायताण घालीत होते.

“आज हितं कोण घावणार, पावणं? समदी मॅचला गेल्यात. पेठेची मॅच हाय. चला, तुमी बी चला.”

“तालमीतली पोरं चेंडू खेळत्यात व्हय?” बापाच्या स्वरात आश्चर्याहून चिंता अधिक होती. खोंड विकून मुलाला आणले ते चेंडूमागे धावण्यासाठी नव्हे.

वस्ताद हसले. वाचकांनाही नवल वाटेल, परंतु कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्याच आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे कुस्तीची वाटतात. पण आज त्यांचा दबदबा आहे तो फुटबॉलच्या मैदानावर. तालीम ही त्या शहरात केवळ व्यायामाची जागा नव्हे. पेठेतील तरुणांचे ते बैठकीचे ठिकाण, भांडण मिटविण्याचे ठिकाण आणि अभिमान बाळगण्याचेही ठिकाण. पूर्वी तेथून मल्ल निघत. पुढे त्याच उंबऱ्यावरून चेंडू काखेत घेऊन मुले निघू लागली. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातील चुरस एकदा मैदानावर उतरली, की त्या दिवशी शहरात दुसरा विषय निघत नाही.

स्टेडियमकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. कोणी मोटारसायकलवर झेंडा धरून चालले होते, कोणी आजोबांचा हात धरून. शेंगदाणेवाले, चहावाले, गळ्यात आपल्या संघाच्या रंगाचा पट्टा घातलेली चिमुरडी मुले, आणि प्रवेशद्वारापाशी काठ्या घेतलेले पोलिस. ही शेवटची गोष्ट सांगितलीच पाहिजे. कारण या प्रेमाला अधूनमधून हाणामारीचे गालबोट लागते, आणि खेळावर प्रेम करणाऱ्यांनी ते लपविण्यात अर्थ नाही. दगडफेक करणाऱ्याला सामना कळत नाही, असे वस्तादांचे रोखठोक मत होते.

आत सिमेंटच्या पायऱ्यांवर दोन्ही पेठा समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये हिरवळ. बापाने सवयीने आधी जमीन न्याहाळली, मग माणसे. बावीस जण मैदानात उतरले. पंचांची शिट्टी झाली, आणि त्यानंतर जो गलका उसळला तो क्षणभरही खाली बसला नाही. कोणी खेळाडूला नावाने हाक मारी, कोणी पंचांच्या डोळ्यांची चौकशी करी. चेंडू गोलाजवळ गेला, की सारी बाजू एकदम उभी राही आणि तो बाहेर गेला, की एकदम खाली बसे. वाऱ्याने ज्वारीचे शेत लवावे, तसे ते दृश्य होते.

या खेळाचे माहेर इंग्लंड. तिकडची जुनी मैदानेही अशीच वस्तीच्या कुशीत वाढली. शनिवारी दुपारी गिरण्या-कारखान्यांना सुट्टी होई, आणि कामगार तीन वाजण्याच्या सुमारास विटांच्या घरांच्या ओळींमधून चालत मैदानाकडे जात. लिव्हरपूलचे गुडिसन पार्क १८९२ साली उघडले. त्याच्या एका कोपऱ्याला तर चर्च खेटून उभे आहे. तेथे खेळणाऱ्या एव्हर्टन संघाचा जन्मही १८७८ साली एका प्रार्थनामंदिराच्या मंडळींतूनच झाला. लंडनचा आर्सेनल संघ १८८६ साली तोफखान्याच्या कामगारांनी काढला. कोठे प्रार्थनामंदिर, कोठे कारखाना, कोठे तालीम. माणसे आधी एकत्र आली आणि चेंडू मागाहून आला. त्या मैदानांवर प्रेक्षक पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहत. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जण प्राणास मुकले, आणि त्यानंतर तेथील मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला बसावयास आसन देण्यात आले. गुडिसन पार्कवर एव्हर्टनच्या पुरुष संघाने २०२५ च्या मे महिन्यात अखेरचा सामना खेळला आणि नव्या मैदानाकडे प्रस्थान ठेवले. त्या दिवशी अनेक वृद्ध प्रेक्षक डोळे पुशीत बाहेर पडले.

इकडे बापाला खेळाचे नियम कळत नव्हते. परंतु चाल त्याला कळत होती. जनावर विकत घेताना तो आधी त्याला चालवून पाही. मागचा पाय पुढच्या पावलावर पडतो की नाही, वळताना खांदा झुकतो की नाही, हे पारखण्यात त्याचा हात धरणारा बाजारात विरळा. तीच नजर आता हिरवळीवर फिरू लागली. “तो उंच गडी दिसतो दांडगा, पण उजव्या पायानं अधू हाय,” तो म्हणाला. थोड्याच वेळात तो उंच गडी लंगडत बाहेर गेला, तेव्हा शेजारच्या तरुणांनी वळून या पाहुण्याकडे पाहिले. मग डाव्या बगलेने धावणाऱ्या एका किरकोळ मुलाकडे बोट करून तो म्हणाला, “त्यो बघ. अगदी आपल्या शेवऱ्यावानी.”

बोलून गेल्यावर त्याला आपली चूक उमगली. पण मुलगा त्या खेळाडूकडे टक लावून पाहत होता. काही क्षणांनी तो म्हणाला, “व्हय अप्पा. वळताना मान तशीच टाकतोय.”

त्या दिवसापासूनचे ते त्याचे पहिले आपणहून बोललेले वाक्य होते.

उत्तरार्धात त्याच खेळाडूला पेनल्टी घेण्याचा प्रसंग आला. दोन्ही संघांची बरोबरी होती आणि वेळ सरत आली होती. मैदान एकदम मूक झाले. त्याने चेंडू मारला. तो खांबाला लागून बाहेर गेला. आतापर्यंत ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांच्यातीलच काहींनी त्याच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहिली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतले. तेव्हा पलीकडच्या संघाचा गोलरक्षक जागा सोडून पुढे आला आणि त्याला दंडाला धरून उभे केले. कुस्तीत चितपट झालेल्या गड्याला विजयी मल्ल उठवितो, तसेच.

“शाब्बास!” बाप ओरडला. ते कोणाला उद्देशून होते, हे त्यालाही सांगता आले नसते. पंचवीस वर्षांपूर्वी जत्रेच्या फडात तोही असाच आडवा झाला होता आणि गावातील माणसे हसत घरी गेली होती. त्याने हे मुलाला कधी सांगितले नव्हते. आज सिमेंटच्या पायरीवर बसून, वस्तादांच्या देखत, त्याने ते सारे सांगितले. कोणता डाव लागला, कोण हसले, आणि घरी आल्यावर तो रात्रभर गोठ्यात कसा निजला, तेही.

सामना बरोबरीतच सुटला. परतताना वस्तादांनी अनिकेत जाधवची गोष्ट काढली. याच शहरातला हा मुलगा, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. “पोराला चेंडू आवडला तर?” बापाने भीत भीत विचारले. “आदी माती,” वस्ताद म्हणाले, “मग बघू पाय कुटं जात्यात.”

रात्री बसस्थानकावर बापाने मुलाच्या हाती पैशांची पुरचुंडी दिली. मुलाने ती खिशात ठेवली आणि विचारले, “शेवरा कुणी घेतला, अप्पा?”

“उदगीरकडच्या माणसानं. दावणीला चार बैल हाईत त्याच्या. माणूस बरा हाय.”

“तुमी जाऊन बघून येताल?”

“येतो की. अन् तुला कळवितो.”

बस सुटली. वस्तादांनी मुलाची वळकटी स्वतःच उचलली. पहाटे चारला उठून माती खणावयाची होती, म्हणून ते झपाझप चालू लागले.