अंगातली वीज

माझी थोरली बहीण दिग्रसला दिलेली आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा, नाताळच्या सुटीत, माझी तिकडची वारी ठरलेली. यवतमाळ, दारव्हा आणि मग दिग्रस असा एस. टी. चा रस्ता. पूर्वी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची आगगाडी दारव्ह्यावरून जाई. आता तीही राहिली नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, बोंडांतून डोकावणारा कापूस आणि अंगाला झोंबणारी कोरडी हवा!

या कोरड्या हवेचे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढचा सारा प्रकार तिच्यामुळेच घडला. मुंबईकडची हवा ओलसर. तिथे अंगावर साचलेला विद्युतभार दमट पृष्ठभागांवरून मुकाट्याने निसटून जातो. वऱ्हाड समुद्रापासून दूर. पौषात तिथे ओठ फुटतात, केस कंगव्यामागे धावतात आणि रात्री अंधारात स्वेटर काढला की चटचट ठिणग्या उडतात.

चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री लाईन गेली होती. भाऊजी कंदील घेऊन शेतावर निघाले होते. त्या आठवड्यात पंपाला वीज मिळे ती रात्रीच, त्यामुळे गव्हाचे ओलीत रात्री. कडाक्याच्या थंडीत अनवाणी दांड फोडायचा, आणि काळोखात पाय कशावर पडेल याचा नेम नाही! ताई दारात उभी राहून त्यांना नको नको ते सांगत होती. सातवीतली भाची मात्र पलंगावर बसून स्वेटर काढत होती. ठिणग्या उडाल्या, आणि तिने विचारले,

"मामाजी, ह्या विजेवर बल्ब लागन का हो?"

मी मराठीचा प्राध्यापक. विजेविषयीचे माझे ज्ञान शब्दांपुरते. अंबर घासले की गवताच्या काड्या ओढून घेते, म्हणून संस्कृतात त्याला 'तृणमणि' म्हणतात; फारसीतला 'कहरुबा' म्हणजेही काडी पळवणारा, आणि त्यावरूनच अरबीत विजेला नाव मिळाले; ग्रीकांनी अंबराला 'इलेक्ट्रॉन' म्हटले, तेथून इंग्रजांनी आपला शब्द उचलला. हे सारे मी तिला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण बल्ब?"

"नाही लागणार," मी ठोकून दिले.

पोरगी उठली. भाऊजींच्या पेटीतला टेस्टर घेतला. हाच तो, पेचकसासारखा, पोटात इवलासा दिवा असलेला. अंगणात काळोख होता. रबरी चपला घालून ती हातपंपाजवळ गेली, पुन्हा घातलेला स्वेटर झटक्यात काढला, टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवले आणि त्याचे टोक पंपाच्या लोखंडाला नेले. आतला दिवा नारिंगी चमकला! पापणी लवायच्या आत विझलाही. पण चमकला, यात शंका नाही. मी मुकाट्याने घरात येऊन पांघरूण ओढले.

सुटी संपल्यावर आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले. ते हसले. म्हणाले, "तुम्ही दोघेही बरोबर. दिग्रसजवळ अरुणावतीचे धरण आहे ना? विजेचा दाब म्हणजे पाण्याची उंची समजा. स्वेटर काढताना दहा हजार व्होल्टपर्यंत सहज जाता येते, म्हणजे उंची धरणाहूनही मोठी. पण पाणी किती? चूळभर!"

मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. अशा एका ठिणगीत ऊर्जा साधारण एक हजारांश ज्यूलच्या पाचपट. साठ वॅटच्या जुन्या बल्बाला दर सेकंदाला साठ ज्यूल लागतात. त्यातली तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापवल्याखेरीज उजेड नाही. टेस्टरमधल्या दिव्यात तार तापवायची नसतेच. आत निऑन वायू, त्याला शंभरेक व्होल्टचा दाब आणि नाममात्र प्रवाह पुरतो. १७०६ च्या सुमारास इंग्लंडात फ्रान्सिस हॉक्सबी याने हवा काढून घेतलेला काचेचा गोळा फिरवीत हाताने घासला, तेव्हा ठळक अक्षरे वाचता येतील इतका उजेड पडला होता. म्हणजे विजेच्या दिव्याचे पहिले बारसे घर्षणानेच केले म्हणायचे!

मी घरी आल्यावर तोच हिशेब पुढे चालवला. (गणिताला मी फारसा भीत नाही, गणितच मला भिते.) नऊ वॅटचा एलईडी दिवा सतत लावायचा तर सेकंदाला अठराशे वेळा स्वेटर काढावा लागेल. भाऊजींचा पाच अश्वशक्तीचा पंप चालवायला सुमारे साडेसात लाख वेळा! आकाशातली वीज तरी? तीही याच जातीची, ढगात साचलेल्या भाराची. एका कडाडणाऱ्या विजेत साधारण शंभर कोटी ज्यूल, म्हणजे पावणेतीनशे युनिटांच्या आसपास. एक अख्खी वीज पकडून कोठीत भरता आली, तरी भाऊजींचा पंप फार तर तीन दिवस चालेल. मला वाटले होते निदान एक गाव उजळेल. आणि तीच वीज, पावसाळ्यात शेतातल्या झाडाखाली आडोशाला उभ्या राहिलेल्या माणसाचा क्षणात जीव घेते.

हे सगळे भाचीला सविस्तर पत्राने कळवले. पण त्या रात्रीचे शेवटचे सांगायचे राहिले.

पहाटे भाऊजी परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, घोंगडी दवाने जड झालेली. भाची टेस्टर घेऊन धावली, "बाबा, स्वेटर काढा ना!" त्यांनी चुलीपुढे बसत हसत काढला. आम्ही तिघेही डोळे लावून बसलो होतो. ना चटका, ना ठिणगी. टेस्टर काळाच राहिला.

भाचीने त्यांच्या बाहीला हात लावून पाहिला.

"ओले आहेत बाबा," ती म्हणाली, आणि लाकडे पुढे सारायला लागली.