बारापेड्यांच्या वाटेवर

बेळगावहून खानापूरपर्यंतचा रस्ता आमच्या बहुतेक वाचकांच्या पायाखालचा आहे. खानापूर ओलांडून हेम्माडग्याच्या दिशेने वळले, की मात्र मुलूख पालटू लागतो. भाताची खाचरे लहान होत जातात, मग तीही संपतात आणि दोन्ही बाजूंचे दाट रान रस्त्यावर ओणवते. हेच भीमगडचे अरण्य. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा या तालुक्यातून पूर्वेस कृष्णेच्या भेटीला निघते, तर म्हादई याच डोंगरांतून पश्चिमेस गोव्यात उतरते. २०११ साली या रानाच्या सुमारे १९० चौरस किलोमीटर भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

इकडे येणारे प्रवासी गड पाहतात, नदी पाहतात. आम्ही निघालो होतो ते एका वटवाघळासाठी. हे ऐकून आमच्या स्नेहीमंडळींनी नाके मुरडली, याचे नवल नाही. वाघूळ म्हणजे अशुभ, अंधाराचे आणि केसांत अडकणारे, ही समजूत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. काळोखात बारीकशी तारही चुकवून उडणाऱ्या प्राण्याला आपल्या केसांत गुंतण्याची हौस कशी असणार, हा विचार सहसा कोणी करीत नाही.

याच अरण्यात, तळेवाडीच्या परिसरात, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, तेव्हा १९१२ साली प्रेटर यांना येथे एक अनोळखी वाघूळ मिळाले. लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्या पाहणीमागे ज्यांची प्रेरणा होती, त्या रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हा प्राणी जगाला या एकाच ठिकाणाहून ठाऊक होता. या शतकाच्या आरंभी तो मेघालयात आणि दूर कंबोडियातही सापडला. तरी त्याचे मूळ ठाणे म्हणून शास्त्रज्ञ आजही आपल्या खानापूर तालुक्याचेच नाव घेतात. आपल्यापैकी कितीजणांना ही गोष्ट माहीत असेल?

वडाला लटकणाऱ्या थोरल्या वटवाघळापुढे हा जीव अगदीच लहान. डोके आणि धड मिळून वीतभरही भरत नाही; बाहूचे हाड साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास. अंगावर मखमली तपकिरी लव, मानेमागे फिकट पट्टा, आणि शेपटीचे टोक पडद्याबाहेर मोकळे. खरी ओळख पटते ती कानांवरून. ते मोठे कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असून मुस्कटाच्याही पुढे येतात. छतातील खोबणींत ही वाघळे दाटीने बसतात आणि रात्री कीटक पकडावयास बाहेर पडतात.

डिसेंबरच्या सुमारास मादीला पिल्लू होते, तेही एकच. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. उंदीर एका वेतात पाच-सहा पिल्ले देतो, वर्षातून अनेकदा व्यातो आणि वर्ष-दोन वर्षांत संपतो. वाघळांनी निराळाच व्यवहार पत्करलेला आहे. बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू, पण त्याचे वजन आईच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत. ते अंगावर पाजून वाढवायचे आणि स्वतः पुष्कळ जगायचे. सायबेरियात ब्रँडच्या वाघळाचा एक नर खूण केल्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी पुन्हा हाती लागला होता. त्याच्या जातीचे वजन अवघे सातएक ग्रॅम! उंदराएवढ्या देहाला माणसाच्या अर्ध्या आयुष्याचे दान मिळते, हे वाचून आम्ही काही वेळ स्तब्धच झालो होतो.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. गुहेत धूर केला, मशाली नाचविल्या, गोंगाट केला, तर थवा उठतो आणि अंगाला बिलगलेली पिल्ले खाली पडतात. उंदरांची नासाडी एका पावसाळ्यात भरून निघते. येथे गेलेली एक माता परत मिळवावयास कितीतरी हिवाळे लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या वाघळाला पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसविले, ते उगाच नव्हे.

आम्ही गेलो ते मार्गशीर्षात, म्हणजे नेमक्या बाळंतपणाच्या दिवसांत. सोबतच्या वनरक्षकाने वाटेतच सांगून टाकले, "साहेब, आत जायचं नाही हं. बाहेरूनच बघायचं." गुहेच्या तोंडाशी आम्ही पाऊण तास बसलो. आतून थंड, उग्र वासाचा वारा येत होता आणि मधूनच बारीक चिवचिवाट. ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली, ते वाघूळ काही डोळ्यांस पडले नाही. कोणी विजेरी काढलीच, तर ती आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी हातातून काढून घेतली. रानात अस्वलांचा वावर असल्याने उजेडीच परतणे भाग होते. कोणाला तिकडे जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी काढावी, आणि शक्य तर हे दिवस टाळावेत.

खानापूरला पोहोचेतो दिवे लागले होते. चहा घेताना वर पाहिले, तर खांबावरच्या दिव्याभोवती आपल्या नेहमीच्या पाकोळ्या किडे टिपीत भिरभिरत होत्या. दोन-चार ग्रॅमांचा जीव. त्यांना मात्र पुष्कळदा जुळी होतात.